दुसऱ्या दिवशीचा ताप

यकृताच्या दवाखान्यासमोर, गॅरेजवरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शीतलबाबा तापलेल्या कपाळावर पंजा ठेवत आणि गरजत, "ज्वाळे, माझ्यात ये!" संध्याकाळपर्यंत ताप खरंच उतरे. लोक गहिवरून जात. इतक्या ज्वाळा गिळून बाबांना कधी साधी कणकण आली नव्हती. तब्येत उलट भरतच चालली होती.

बेकरीवाली नवऱ्याला धरून उभी होती. हिपॅटायटिसचा विषाणू त्याच्या यकृतात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला. दर आठवड्याला इंजेक्शन घेतलं की तो तापाने फणफणायचा. तो मरेल, अशी भीती तिला आधी वाटायची. आता काहीच वाटत नव्हतं. भट्टीचा चटका बसला तरी ती हात सावकाश मागे घ्यायची.

दारातला चेला प्रत्येकाला विचारी, "सुई कधी टोचली?" आणि सुईच्या नेमक्या दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ देई.

आज बाबांनी नवं फर्मान काढलं. "सुई आग लावते, मी विझवतो. पुरे हा खेळ! सोड ती सुई."

"ऐकलंस ना?" नवरा हरखला.

ती तडक समोरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"विषाणू शिरला की आपल्या पेशी एकमेकींना सावध करणारे रेणू सोडतात," बाई म्हणाल्या. "यांच्या शरीराची ती हाकाटी कमी पडतेय, म्हणून तसेच रेणू सुईतून देतो. ताप त्या रेणूंमुळेच येतो. एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. सुई सोडली तर ताप जाईल, पण विषाणू यकृत खात राहील."

"त्यांना नाही पटायचं."

"मग पटवू नका. एकदा घरी बसवून बघा."

तिने नवऱ्याला गळ घातली. "एवढी एक सुई घ्या आणि घरीच थांबा. ताप नाही उतरला, तर सुईचं नावही काढणार नाही."

सुई घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी तो कण्हत पडला होता. दुपार कलली तसा त्याला दरदरून घाम फुटला. त्याने जेवायला मागितलं.

"उतरला गं. मग बाबा इतके दिवस काय करत होते?"

"वाट बघत होते."

तो खाली मान घालून जेवत राहिला. पुढची सुई घेईन म्हणाला. तिला आनंद झाला नाही, नुसता थकवा जाणवला. तरी ती हॉलवर गेलीच आणि ताप घरीच उतरल्याचं तिने सांगितलं.

"श्रद्धा नाही तुमची," चेला म्हणाला.

"माझ्यावरही ठेवू नका," ती रांगेकडे वळून म्हणाली. "एकदा इथे न येता घरी बसा. बाबांशिवायही ताप उतरतो का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा. तोवर सुई तेवढी सोडू नका. जिवाशी गाठ आहे."