नुकसानीचा फोटो

"सरकार दारात येतं तेव्हा माणसानं खांबासारखं उभं राहावं," आत्यानं जाहीर केलं, बांधावरून शेतात पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतली.

भाच्यानं आणि पाहणीला आलेल्या कारकुनानं तिला दोन्ही बगलांत हात घालून उपसून काढलं. एक बूट आतच राहिला. तो काढायला भाचा ओणवा झाला, तेवढ्यात आत्यानं केस नीट केले, ठेवणीतल्या कोटाची बटणं लावली आणि एका पायात बूट, एका पायात मोजा अशी ताठ उभी राहिली.

चार दिवसांपूर्वी वीस मिनिटं गारा पडल्या होत्या. कोबीचे गड्डे असे फुटले होते, की वाटावं, कोणी दातओठ खाऊन एकेकाला बुकललंय. सरकारी मदत वेळेत आली तर शनिवारी नवी रोपं उचलता येणार होती. रोपवाटिकेवाला त्यापुढे एक दिवस थांबणार नव्हता. नाही आली, तर रान वर्षभर पडीक. म्हणून भाचा कालपासून आत्याला एकच धडा देत होता: मान खाली, हात जोडलेले, तोंड एवढंसं.

कारकुनानं मोबाइल वर केला. पडद्यावर आत्या अशी दिसत होती, जणू हे शेत तिनं नुकतंच लढून जिंकलंय.

"मावशी, जरा... दुःखी."

"का बरं?"

"नुकसान झालंय ना तुमचं."

"ते कोबीचं झालंय. त्याचा काढ. गारा त्याच्यावर पडल्या, माझ्या तोंडावर नाही."

"आत्या, अगं शेजाऱ्याचं बघ," भाचा कुजबुजला. "चार ओळी गेल्या त्याच्या, पण फोटोत असा बसला, की वाटावं घरातलं माणूस गेलं."

"त्याचं तोंड जन्मापासून तसंच आहे. सरकारनं त्याला आधीच काहीतरी द्यायला हवं होतं."

कारकून हसला आणि लगेच खोकला.

"मागच्या खेपेला एक जण फोटोत हसले, मावशी. फाइल परत. शेरा काय, तर 'नुकसान दिसत नाही'. दोन महिने गेले त्यात."

दोन महिने! भाच्याचे हात बुटासकट जोडले गेले.

आत्यानं ते पाहिलं.

"खाली कर ते," ती हळू म्हणाली. "कर भरायला जातो तेव्हा रडवं तोंड केलं तर सूट मिळते का? मग घेताना कशाला रडायचं?" आणि कारकुनाकडे वळून, "तू गड्डे मोज. एकही जास्त धरू नकोस. पण मान वाकणार नाही."

भाच्यानं बूट बांधावर ठेवला, हात विजारीला पुसले आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. खांदे मागे.

"सकाळपासून सत्तावन्न फोटो काढले," कारकून मोबाइलमध्ये बघत पुटपुटला. "सगळ्यांत खाली घातलेल्या माना, नुसत्या टाळूच."

त्यानं फोटो काढला. पाहणीचा कागद काढून शेऱ्याच्या रकान्यावर बराच वेळ पेन टेकवून ठेवलं, मग लिहिलं. भाच्यानं तिरकं होऊन वाचलं: 'पीक आडवं. अर्जदार उभे.' खाली सही.

"फाइल परत आली तर?" भाच्यानं विचारलं.

"तर मी परत येईन."

"ये की," आत्या म्हणाली. "आम्ही असेच असू."

कारकून बांध चढून रस्त्याला लागला, तशी मागून हाक आली.

"अरे, थांब जरा!"

तो वळला.

"आणखी एक काढ ना. मघाशी माझे डोळे मिटले होते."