फुलवातींच्या कप्प्यातलं बाळंतपण

मित्रांनो, मी देव्हारा आहे. जुना आहे, पण मोडीत निघालेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेल गावातल्या एका घराच्या मागच्या बागेत, शेडच्या भिंतीवर मला लावलेलं आहे. पावसाने पॉलिश गेलं, कळस थोडा हलतो. बाकी मी घट्ट आहे.

माझा जन्म नागपूरचा. दीनानाथ आबांनी समोर बसून सुताराकडून मला करून घेतलं. सागवान अस्सल हवं, कळस उंच हवा, खाली फुलवाती ठेवायला दाराचा कप्पा हवा! सुतार बिचारा घायकुतीला आला होता. पुढे आबांचा मुलगा श्रीकांत नोकरीसाठी इंग्लंडला निघाला, तेव्हा आबांनी मला गोधडीत गुंडाळून त्याच्या सामानाबरोबर धाडलं.

काय थाट होता माझा! श्रीकांत कामाला निघताना माझ्यासमोर हात जोडायचा. त्याची बायको श्रद्धा रोज फुलं वाहायची. गणपतीत आलेले पाहुणे नक्षी निरखून म्हणायचे, "असं काम आता मिळत नाही हो." मी नुसता फुशारून जायचो.

मग घरात संगमरवरी देव्हारा आला. पांढराशुभ्र, आतून दिवे लागणारा. देव तिकडे राहायला गेले. माझ्या कप्प्याच्या दाराची मूठ तर केव्हाच निघाली होती, तिथे गोल भोक उरलं होतं. आता माझं करायचं काय? कौन्सिलच्या कचऱ्याच्या टिपवर देव्हारा टाकायला श्रद्धाचा हात धजेना, जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपला द्यायला श्रीकांतचा. "तात्पुरता शेडवर लावू," असं ठरलं. तात्पुरतं म्हणजे किती, ते तुम्हाला ठाऊकच आहे. कप्प्यात फुलवातींचं अर्धं पाकीटही तसंच राहिलं. फार वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

एका वसंतात त्या भोकातून कोणीतरी आत डोकावलं. निळी टोपी, पिवळं पोट, डोळ्यांवरून काळी रेघ. इथे त्यांना ब्लू टिट म्हणतात. मुठीत मावेल एवढी पक्षीण. तिने शेवाळ आणलं, कुत्र्याचे केस आणले आणि वर माझ्या फुलवाती पिंजून मऊ गादी केली. पाहता पाहता अंडी आली, अंड्यांतून पिल्लं आली. नुसत्या चोचीच चोची! आई-बाप दिवसभर अळ्या आणून त्यांत कोंबायचे. मित्रांनो, माझ्या आत पुन्हा कोणीतरी राहत होतं. मी मनाशी पक्कं केलं, वारा येवो की वादळ, यांना काही होऊ द्यायचं नाही.

श्रीकांतची आठ वर्षांची अन्वी शाळेतून आली की लॉनवर पालथी पडून लांबूनच बघायची. जवळ कोणी जायचं नाही, अशी तिने घरात सगळ्यांना ताकीदच दिली होती.

त्याच सुमारास आबा नागपूरहून आले. मला बागेत पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"श्रीकांत, अरे देव्हारा बाहेर? पावसात? आत्ताच्या आत्ता आत घे!"

अन्वी हात पसरून माझ्यासमोर उभी राहिली. "नाही आबा! आतमध्ये बेबीज आहे. तुम्ही हलवला तर मम्मी-बर्ड परत येणार नाही. दे विल डाय!"

आबा पुढे झाले, कान लावला. आतून चिवचिव ऐकू आली. त्यांचा राग कुठल्या कुठे पळाला.

"माझ्या देव्हाऱ्यात बाळंतपण!" ते म्हणाले. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. "मग आता पूजा इथेच करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा अंघोळ करून, शाल आणि कानटोपी घालून आले. माझ्या कप्प्याखालच्या फटीत त्यांनी उदबत्त्यांचा जुडगा खोचला, पेटवला आणि डोळे मिटले. अहो, मन किती चांगलं! पण धूर सरळ भोकातून आत.

पिल्लांची आई अळी घेऊन आली आणि कुंपणावरूनच मागे फिरली. पुन्हा आली, पुन्हा फिरली. हवा गार होती. आत पिल्लांनी आधी कल्ला केला, मग आवाज बारीक झाला, मग एकदोघांनी मानाच टाकल्या. इतकी वर्षं ज्या वासाने मी सुखावलो, तोच त्यांच्या जिवावर उठला होता. माझा जीव तीळतीळ तुटत होता. पण लाकडाने ओरडायचं कसं?

तेवढ्यात शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, नुसत्या मोज्यांवर अन्वी धावत आली. तिने जुडगा उपटला आणि ओल्या मातीत खुपसला.

"अन्वी!" श्रद्धा दारातून ओरडली. "देवाची उदबत्ती अशी विझवतात? आबांना सॉरी म्हण."

"नाही म्हणणार!" अन्वी रडत होती, पण हटली नाही. "आबा, धूर आत जातो. बघा ना, मम्मी-बर्ड तिथे थांबला आहे."

आबांची उदबत्ती आजवर कोणी विझवली नव्हती. ते बोलायला गेले आणि त्यांची नजर कुंपणाकडे वळली. चोचीत अळी धरून ती तिथे तळमळत होती. आबांनी अन्वीचा मातीने भरलेला हात धरला आणि पाठ न फिरवता, हळूहळू मागे सरत दोघं स्वयंपाकघरात गेले. काचेचं दार लावून घेतलं.

धूर विरळ झाला. ती छपरावर आली. पुन्हा उडाली. संपलं, असंच मला वाटलं. आणि सुळकन ती आत शिरली! एक चोच उघडली. मग दुसरी. मग खाली पडलेल्या मानाही उठल्या.

"गेली! आत गेली!" काचेमागे आबा टाळ्या पिटत होते.

त्या दिवसापासून आबांनी नमस्कार काचेमागूनच केला. पिल्लं मोठी झाली, एकेक करून उडून गेली. मग श्रीकांतने विचारलं, "बाबा, आता रिकामा झाला. आत घेऊ या?"

"नको," आबा म्हणाले. "पुढच्या वर्षी ती येईल. घर सापडलं नाही तर?"

तर मित्रांनो, एवढंच मागतो. तुमच्या बागेत, बाल्कनीत कोणी घरटं केलं, तर हौसेने जवळ जाऊ नका. फोटोसाठी फांदी वाकवू नका. जीव जरूर लावा, पण दोन पावलं मागे राहून. आबांना ते या वयात जमलं. तुम्हाला आत्तापासूनच जमेल.