शेतकरी क्रमांक सात

उज्माने मोबाइल आशाबाईंसमोर धरला. आधी खरं काय ते सांगायचं, मग दाखवायचं, असं अकोटच्या एसटीत तिने मनाशी घोकलं होतं. ते काही जमलं नाही.

कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेल्यांवरचा तिचा शोधनिबंध परदेशातल्या नावाजलेल्या नियतकालिकात ऑनलाइन आला होता. ती शिकवत होती त्या अमरावतीच्या कॉलेजात पेढे वाटले गेले. पेढ्यांवर ताव मारणाऱ्यांपैकी एकाने तरी निबंध वाचला असेल तर शपथ! पण जगभरचे अभ्यासक त्याचा हवाला देऊ लागले होते, आणि उज्माचे बढतीचे गुण भरले होते.

त्या निबंधाचा जीव होता खुशालरावांची जबानी. मरणाच्या आधी अकोल्याच्या दवाखान्यात, धाप लागत असताना आशाबाईंचा हा नवरा तिच्याशी बोलला होता. अट एकच. "माह्यं नाव टाकजा, मॅडम. बिननावाच्या मानसाचं कोन आयकते?" उज्माने त्यांचा हात धरून हो म्हटलं होतं.

संपादकांनी नियमावर बोट ठेवलं. माहिती देणाऱ्याची ओळख लपवा, नाहीतर निबंध छापणार नाही. घरच्यांची लेखी संमती आणून भांडता आलं असतं, पण बढतीची मुदत तोंडावर आली होती. उज्माने मुकाट्याने नाव काढलं.

"यायचं नाव कुठी हाय?" आशाबाईंनी चष्मा पुसत विचारलं.

"इथं, काकू. 'शेतकरी क्रमांक सात' म्हणजे तेच."

"अन् हे वरतं, मोठ्या अक्षरात?"

"ते... माझं नाव आहे."

आशाबाई आत गेल्या आणि पाण्याचा गडवा घेऊन आल्या. तेरवीला नवऱ्याच्या नावाने वाटलेल्यांपैकी एक उरलेला. काठाखाली कोरलं होतं, 'कै. खुशालराव यांच्या स्मरणार्थ'.

"भांडेवाला अक्षरामांगं पैसे घेते," त्या हळूच म्हणाल्या. "तिथंबी घेत असतीन. मले सांगतलं असतं तं मी देल्ले असते, पोरी."

त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. उज्माला शरमेने मान वर करवेना.

"पैशांचं नव्हतं, काकू. मला बढतीची घाई होती."

आशाबाईंनी चष्मा काढून ठेवला.

"झाली का मंग बढती?"

"झाली."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि गडवा तिच्यापुढे सरकवला. "पानी पे."