सिंहाचे कल्ले

कात्री हातात आली की समोर काहीही असो, न्हावीकाकांना ते गिऱ्हाईकच वाटायचं. हात थरथरू लागला तशी खरी गिऱ्हाइकं पांगली, सलून बंद पडलं, पण खोड काही गेली नाही. आता त्याच सलूनमध्ये, आरशांसमोर, काका-काकू सुक्या गवताचे आणि वेलींचे प्राणी बनवत. काकू भिजवलेल्या वेली वळवून अंग विणायच्या. केस, शेपट्या आणि मिशा हे खातं काकांकडे.

शाळेनं वाचनालयासाठी सिंह सांगितला, तेव्हा काकांनी साऱ्या गल्लीला ऐकवलं, "माझा हात गेला म्हणणाऱ्यांनी येऊन बघा." यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आयाळ मोठी झोकात जमली. पण शाळेच्या बाई सिंह न्यायला येणार त्याच सकाळी काकांना आरशात त्याचा डावा कल्ला लांब वाटला. तो कापला, तर उजवा लांब दिसायला लागला. उजवा कापताना हात हलला आणि खाच पडली. खाच बुजवायला वरचे केस उतरवावे लागले. काकू भाजी घेऊन येईपर्यंत वनराज साफ भादरून झाले होते.

"अहो, हा सिंह आहे की भरती झालेला जवान?"

"थोडंसं सारखं करत होतो गं."

काकू जमिनीवरच्या गवताच्या ढिगाकडे बघत राहिल्या आणि हसत सुटल्या, इतक्या की खुर्ची धरावी लागली. काकांना मात्र भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. नवी आयाळ बांधायला आठवडा तरी लागला असता, आणि बाई तर दारात उभ्या होत्या. मागे बघ्यांची गर्दी.

बाईंनी एक फेरी मारली आणि मानेवर बोट ठेवलं. आयाळीखाली झाकली गेलेली ती मान काकूंनी मक्याच्या कोवळ्या सालींच्या बारीक वेण्यांनी विणली होती. आतून गुरगुर उठतेय असं वाटावं, अशी.

"अगबाई, सिंहीण केलीत होय? फार छान. ही मान कुणाच्या हातची? पाटीवर नाव घालायचंय."

गल्लीसमोर हाच प्रश्न यावा म्हणून काका वर्षभर झुरत होते. 'माझ्या' हा शब्द ओठांवर आलाही. तेवढ्यात त्यांची नजर पुन्हा त्या मानेवर गेली आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

"हिच्या," ते म्हणाले. "शेजारी बसून विणत असते. मी आज पहिल्यांदा बघतोय."

काकूंनी पदरानं डोळे टिपले. ते हसण्याचं पाणी होतं की दुसरं, कोण जाणे.

"दोघांची नावं घाला, बाई," त्या म्हणाल्या. "ह्यांनी भादरली म्हणून तर दिसली."