गोठ्याच्या भिंतीवरचा ताप

गोठ्याच्या भिंतीवर खडूचे दोन रकाने. एक गाईचा, एक यांचा.

गाय व्यायला आली की हे सकाळ-संध्याकाळ तिचा ताप मोजतात. एरवी तो एकशे एक-दोनच्या मध्ये. गाईला तेवढा असतोच. एकदम अंशभर उतरला की समजायचं, दिवसभरात विणार. यांचा रकाना थट्टेत सुरू झाला. पत्र्याने पोटरी कापली होती. त्यावर गाईच्या जखमेचा फवारा मारला, वर फडकं बांधलं. मग अंगात कणकण.

सोमवार. गाय १०१.६. हे १०१.८.

"बघ, दोघंही ठणठणीत."

"अहो, तुम्ही माणूस आहात."

"कोण म्हणतं? तुझी आई तर बैल म्हणते."

मी हसले. हेही सांगायला हवं, की हसले.

मंगळवार. गाय १०१.७. हे १०३. पोटरी भोपळ्यासारखी. दवाखान्यात चला म्हटलं.

"आणि ही अडली तर? पहिलटकरीण आहे. तू ओढणार वासरू?"

ओढलं असतं. पोटरी शेकायला पाणी तापवत बसले.

बुधवार. गाय १०१.५. यांचा आकडा वाचता येत नाही, खडू घसरत खाली गेलाय.

गुरुवार सकाळ. आकडे मी लिहिले. गाय १००.१. हे ९६.

दोन्ही उतरले! मी चहा टाकला. गुणगुणत टाकला. कशी गं मी अशी? माणसाकडे बघायचं सोडून भिंतीकडे बघत होते.

दुपारी वासराचा एकच पाय बाहेर आला. दुसरा येईना. जनावरांचे डॉक्टर आले, बाह्या सारल्या, यांच्या हातातला दोर घेतला आणि हात सोडलाच नाही.

"वहिनी, हे गार पडलेत."

"ताप उतरलाय ना."

"उतरला नाही. शरीराने हात टेकलेत. जखमेचं विष रक्तात गेलंय. गाडीत घाला. आत्ता."

"आणि गाय?"

डॉक्टर गाईकडे बघत राहिले. तासाभराचं काम. दवाखानाही तासाभरावर.

"मी एकटाच आहे, वहिनी. तुम्ही सांगा."

मी गोठ्याची कडी घातली. ती आतून हंबरली. तिला काय सांगणार?

गाडीत यांचं डोकं माझ्या मांडीवर. ओठ निळसर.

"व्याली?"

"व्याली."

"काय झालं?"

"कालवड."

"उभी राहिली?"

"डॉक्टर, जोरात घ्या ना जरा!"

"अगं, उभी राहिली का?"

"राहिली. पडली, पुन्हा उठली. पाय लटपटतायत नुसते. आई चाटतेय तिला. कपाळावर पांढरा ठिपका आहे. आता आचळ शोधतेय, सापडत नाहीये, भलतीकडेच ढुशा देतेय, वेडी..."

हे काही विचारत नव्हते.

"अहो. सापडलं का ते विचारा ना. विचारा."