नकाशावर न काढलेली वाट

आमचा नवरा ग्रासियाँ मासे कुठे लागतात हेही कुणाला सांगणार नाही, तिथे झऱ्याकडची वाट सांगतोय होय! त्या झऱ्यापाशी आमच्या लेकीची, कोलेटची, राख पुरली आहे. जमीन सरकारची, पण इथे नेवाडा राज्यात सरकारची नाही अशी जमीन आहेच किती? दर शरदात आम्ही पिकअप घेऊन जायचो, आणि परतताना तो वाटेच्या तोंडावर फांद्या ओढून चाकांच्या खुणा झाकायचा.

मग आमच्या भागातल्या सरकारी जमिनींचा नवा कायदा येऊ घातला. शाळेच्या जिममध्ये टेबलभर नकाशे मांडले होते. गावाला घरांसाठी माळ मिळणार, शेजारच्या ऑर्व्हलसारख्या फटफटीवाल्यांना वाळूच्या टेकड्या, आणि डोंगर कायमचा रान म्हणून राखणार. तिथे इंजिनाला बंदी. वापरातल्या वाटा तेवढ्या लाल पेन्सिलीने दाखवा, त्या चालू राहतील, असं सिनेटरच्या कचेरीतली मुलगी सांगत होती.

मी ग्रासियाँला कोपराने ढोसलं. "काढ ना आपली वाट."

"गप्प बस. ऑर्व्हल बघतोय. उद्या त्याची पोरं कोलेटच्या डोक्यावर धुरळा उडवत फिरतील."

"काय लपवतोयस रे, ग्रासियाँ?" ऑर्व्हलने विचारलंच.

"बायकोचं वय," हा म्हणाला. सगळे हसले, आणि त्याने पेन्सिल खाली ठेवली.

कायदा मंजूर झाला, गावाने केक कापला. पुढच्या शरदात वाटेच्या तोंडाशी लोखंडी खांब उभे होते. पायी जायचं तर अख्खी सकाळ चढण. माझे गुडघे मला टपालपेटीपर्यंत नेत नाहीत, घोडा चालतो म्हणे, पण घोड्यावर कसली बसते मी!

ग्रासियाँ सरकारी जमिनींच्या कचेरीत गेला. वाट होती म्हणून भांडला. तिथली बाई बिचारी चांगली होती. "वापरात होती असं सांगणारं कुणी आहे का? शेजारी, शिकारी?" तिने विचारलं.

त्याने ऑर्व्हललाच गाठलं. ऑर्व्हलने प्रामाणिकपणे डोकं खाजवलं. "तिथे वाट? असती तर मला माहीत नसती होय?"

आता वाट उघडेल ती दुसरा कायदा होईल तेव्हाच. आमच्या हयातीत तो होत नाही, हे त्या बाईलाही कळत होतं. मला ग्रासियाँचा संताप आला, आणि लेकीसाठीच केलं ना त्याने, म्हणून तोही धड काढता येईना. फार वाईट वाटतं मला, अजून वाटतं.

यंदा तो एकटाच चढून गेला. संध्याकाळी आला, दारातच बसून बूट काढू लागला.

"शांत आहे अगदी," म्हणाला. "एका चाकाची खूण नाही."

मी त्याच्यापुढे सूपचा वाडगा ठेवला. "आई का आली नाही, ते सांगितलंस का तिला?"

त्याने दुसरा बूट ओढून काढला.

"सांगितलं," तो म्हणाला. "तुझे गुडघे दुखतात म्हटलं."