बोडीतला समुद्र

ईश्वरदास मालगुजार वाघाला भीत नसत. वाघ जंगलात राही आणि ईश्वरदास घरात, त्यामुळे हे धैर्य त्यांनी पंचवीस वर्षं निर्धास्त सांभाळलं होतं. समुद्राच्या बाबतीतही तसंच निभावलं असतं. पण सन पस्तीसच्या दिवाळीनंतर एका सकाळी त्यांच्या पानात भात वाढता वाढता सुशिलाबाईंनी सरळ सांगून टाकलं, "औंदा संक्रांतीले मले गंगासागरले जायाचं हाये. केवलरामभाऊ आन गीताबाई जाऊन राहिले. त्याहिच्या संग आपनबी जाऊ."

सौंदडहून रेल्वेनं गोंदिया, तिथून हावडा, हावड्याहून आगबोटीनं गंगेच्या मुखापर्यंत, आणि संक्रांतीचं स्नान करून परत. लग्नाच्या एकवीस वर्षांत बायकोनं मागितलेली ही पहिली गोष्ट. चिचगडच्या माहेरापलीकडे तिनं जग पाहिलेलं नव्हतं.

नाही म्हणावं तर गाव धर्मबुडवा म्हणणार. भीती वाटते म्हणावं तर त्याहून वाईट. तेव्हा ईश्वरदास म्हणाले, "इचार करू."

त्यांचा विचार वहीत चाले. त्यांनी एका पानाला मधोमध घडी घातली. जमेच्या बाजूला लिहिलं, 'पुण्य', आणि ती बाजू तिथंच संपली. नावेच्या बाजूला मात्र लेखणी रंगात आली. पटकी. ओकारी. बोट फुटणे. सुसर. बंगालचे पाणी. धुराने दमा. खाऱ्या हवेने कातडी सुटणे. लाटेने माणूस उडणे. मार्गशीर्ष लागेतो एकोणीस कलमं झाली होती, आणि ओसरीवर पाणी प्यायला टेकलेल्या पाहुण्याला ती सगळी ऐकल्याशिवाय उठता येत नसे.

या यादीला खरं खतपाणी घातलं श्यामलालनं. हा गोंदियाचा दवाईवाला आठवड्याला एकदा येई.

"मालगुजारजी, समंदर में आदमी की अंतडी मुँह तक आ जाती है. हमारे मौसा की आई थी."

"मंग?"

"मंग क्या, यह अर्क पिलाया, वापस चली गई."

श्यामलालचा मौसा जवळच्या दरेकशा गावाच्या पुढे कधी गेलेला नाही, हे गोंदियात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ईश्वरदासांनी अर्क घेतला. श्यामलाल आला की यादीत एक भय वाढे आणि फडताळात एक बाटली.

केवलराम मात्र साधा धानाचा व्यापारी. त्यानं चौकशी केली, जत्रेत पटकी होते असं कळलं, तेव्हा तो बायकोला आणि सुशिलाबाईंना घेऊन गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात जाऊन पटकीची सुई टोचवून आला. सुशिलाबाईंचा दंड दोन दिवस ठणकला. तिसऱ्या दिवशी त्या धान पाखडत होत्या. ईश्वरदासांनी सुई टोचून घेतली नाही. त्यांनी ती यादीत लिहिली. वीस.

मग त्यांना एक युक्ती सुचली. गावाला लागून त्यांची बोडी होती, म्हणजे शेतांना पाणी पुरवणारं छोटं तळं. त्यात कवडू ढिवर झाडाचं खोड कोरून केलेल्या डोंग्यातून मासे धरी. ईश्वरदासांनी ठरवलं, डोंग्यात बसून आधी सवय करायची. पोटातलं पोटात राहिलं तर गंगासागर. दिवसा लोक पाहतील, म्हणून वेळ धरली दिवेलागणीची. पहिल्याच संध्याकाळी अर्धं गाव बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येऊन बसलं.

"कवडू, हालव."

"किती जी, मालक?"

"समुद्रावानी."

"म्या कुठं समुद्र पाह्यला जी?"

"मंग म्या कुठं पाह्यला? हालव मुकाट्यानं!"

कवडूनं अंदाजानं समुद्र केला. ईश्वरदास अंदाजानंच ओकले. तेव्हापासून मासे आपसूक डोंग्याजवळ येतात, असं कवडू पुढे कोणालाही सांगे.

रोज दोन घटका हा कार्यक्रम चाले. डोक्याला मफलर, हातात अर्काची बाटली, पाय उघडे, आणि भोवती डासांचं मोहोळ. बाराव्या संध्याकाळी मालगुजार न ओकता, कोरड्या तोंडानं काठावर उतरले. सुशिलाबाई तिथंच उभ्या होत्या.

"झालं ना जी? आता तिकिटं सांगा केवलरामभाऊले."

"आज वारा नोता. समुद्रावर वारा रायते."

"वारा आला का म्हनसान पाऊस नोता. पाऊस आला का म्हनसान सुसर नोती. आता कवडूले सुसर व्हाले सांगू का?"

पाळीवरचं गाव हसलं. ईश्वरदासांना निमूट तिकिटं सांगावी लागली. निघायचा दिवस ठरला गुरुवार.

त्या आधीच्या सोमवारी ईश्वरदासांचे दात वाजू लागले. दोन गोधड्या घातल्या तरी खाट हलत होती, डोंग्यापेक्षा जास्त. घरात त्यांची थोरली विधवा बहीण होती, जमुनाबाई. तिनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "हिव भरलं. आनखीन बस बोडीत, दिवेलागनीले."

हिवताप तिथं घरोघरी. म्हणूनच वीस कलमांत तो नव्हता. घरचं दुखणं कोणी भयात मोजत नाही. पोस्टातून क्विनाइनच्या पुड्या आल्या. गोधडीतून ईश्वरदासांचा आवाज आला, आणि त्यात तापापेक्षा समाधान जास्त होतं.

"पाह्यलं? नुसता समुद्राचा इचार केला तं हे हाल. आता नाही जमत. पुढच्या साली पाहू."

सुशिलाबाईंनी त्यांची गोधडी सारखी केली. आजारी नवऱ्याला टाकून गेली, हे वाक्य गावात कोण कोण कोणत्या तोंडानं बोलेल ते त्यांना दिसत होतं. आणि पुढचं साल म्हणजे काय, हेही एकवीस वर्षांत कळलं होतं. त्या फक्त पाहत राहिल्या. सोमवारी हुडहुडी. मंगळवारी वरणभात दोनदा मागून. बुधवारी हुडहुडी. गुरुवारी सकाळी ईश्वरदासांनी भाताबरोबर लोणचं मागितलं, आणि ते खाऊन पुन्हा गोधडीत शिरून कण्हू लागले.

सुशिलाबाई चुलीपाशी नणंदेकडे गेल्या.

"बाई, तुमी सांगा. लोक का म्हनतील?"

जमुनाबाईंनी फुंकणी खाली ठेवली. "लोक मले तीस वर्सं झाले म्हनून राहिले. म्या जेवन सोडलं का? तू जाय. मी हाये त्याले पाह्याले. लहानपनी असाच होता, शाळा म्हनलं का पोट दुखे."

सुशिलाबाईंनी क्विनाइनच्या पुड्या नणंदेच्या हातात मोजून दिल्या, कधी कोणती ते सांगितलं, आणि लुगड्यांचं गाठोडं उचललं. खाटेपाशी थांबल्या.

"जातीस?" ईश्वरदास गोधडीतून म्हणाले. "आन बोट बुडली तं?"

"तुमी तं घरीच हाये ना जी. तुमी वाचसान."

बैलगाडी सौंदडच्या स्टेशनावर पोचली तेव्हा आगगाडीला अवकाश होता. फलाटावर केवलराम आणि गीताबाई सामानावर बसले होते. सुशिलाबाईंना एकटं पाहून केवलराम चटकन उठला.

"वयनी, भाऊ नाही आले? तब्येत लय खराब हाये का?"

"होती," सुशिलाबाई गाठोडं खाली ठेवत म्हणाल्या. "मी अंगनातून निघाली, तवाच घाम सुटून ताप उतरला त्याहिचा. आता जेवून राहिले असतील."